न निघणारा रंग

१

छकुलीच्या डाव्या पायाची तीन बोटं काढावी लागली. त्यानंतर आठवडाभरातच तिच्या बापानं भंडाऱ्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात उभं राहून, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, की हे सगळं तिच्या मायनं केलं.

मी नेमकी तेव्हाच जिना चढून वर आले होते. तिची माय, म्हणजे खुशबू, माझी भाची, माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. आणि मी आनंदाबाई, पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झालेली, आता आंबागडला भावाच्या शेजारी राहणारी. भूपेंद्र माझा भाचजावई. त्यानं मला पाहिलं आणि आवाज जरा खाली आणला, पण शब्द बदलले नाहीत.

"आत्या, तुमीच इचारा तिले. पोरीच्या पायाची सालटी काढली तिनं. डॉक्टरनं लिहून देल्लं."

खुशबू बाकावर बसली होती. नवरा बोलत होता आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. तीन वर्षांच्या लेकीला संध्याकाळी छातीशी धरून, शेजाऱ्याच्या ऑटोत बसून दवाखान्यात घेऊन आली ती हीच. ती आली नसती तर आज बोटांचा हिशेब करायलाही पोरगी उरली नसती. आणि तिच्यावरच हे बालंट! चोर तो चोर आणि वर शिरजोर म्हणतात ते मी नोकरीत खूप पाहिलं, पण तेव्हा चोर कोण हे मला अजून कळायचं होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मला आत बोलावलं.

"हा रक्तात विष पसरवणारा आजार आहे," त्या म्हणाल्या. "कातडीखाली रक्त झिरपतं. आधी टाचणी टोचल्यासारखे ठिपके दिसतात, मग ते जांभळे होत जातात. लहान मुलाला ताप आहे, अंगावर असे डाग आहेत, हातपाय गार पडलेत, मूल सुस्त आहे, एवढं दिसलं की पुढचा विचार गाडीत बसून करायचा, घरी नाही."

"पण पुरळ तर पोरांना नेहमीच येते. घामोळं, पित्त, डास चावलेले. बाईमाणसानं ओळखायचं कसं?"

त्यांनी टेबलावरचा पाणी पिऊन झालेला काचेचा ग्लास उचलला. त्यांच्या हातावर डास चावल्याची लाल गांधी होती. तिच्यावर ग्लास दाबून धरला. काचेतून मला दिसलं, गांधीचा लाल रंग पार गेला. ग्लास उचलला, रंग परत आला.

"साधी पुरळ दाबली की फिकी होते. या आजाराचे डाग काचेखालीही तसेच राहतात. अर्थात सुरुवातीला ते फिकेही होऊ शकतात. मूल जास्त आजारी वाटलं तर काचेचीही वाट बघायची नाही."

"ही दुपारी आली असती तर?"

"बोटं वाचली असती असं मी लिहून देऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण मला तसं वाटतं."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. दोन्ही नडग्यांवरची कातडी कोणीतरी खरखरीत फडक्यानं घासून काढलेली होती. त्या संध्याकाळी पायजमा कापून काढला तेव्हा सिस्टरला ऑइल पेंट काढायच्या थिनरचा वास आला. हे आजारानं होत नाही, म्हणून पोलिसांना कळवावं लागलं. परवा छकुलीला सुट्टी मिळणार आणि त्याच दिवशी साकोलीहून हवालदार जबाब घ्यायला येणार होता.

भूपेंद्रचा बाप टेकचंद यानं निवाडा आधीच करून टाकला होता. नात आमच्या घरी येईल, सून आंबागडला जाईल. असल्या बाईच्या हाती पोर देणार नाही.

मी बाहेर येऊन खुशबूच्या शेजारी बसले.

"आत्या, मी नाही घासलं," ती म्हणाली. "सकाळी आंघोळ घातली तवा आंग साफ होतं. मंग मी मांगच्या आंगनात चुलीवर होती, पाव्हन्याच्या पोळ्या. तूप घ्यायले आत आली तं पोरगी निजली होती, आंग तापलं होतं आन् हात बरफावानी. मी मामंजीले म्हनलं दवाखान्यात नेऊ. ते म्हने तान्ह्या पोळ्याची मिरवनूक झाल्यावर. पन पाय मी पायलेच नाही, आत्या. पायात पायजमा होता. मी काहून नाही पायले?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. एक गोष्ट मला तिथंच, त्या बाकावर बसल्या बसल्या कळली होती. डाग संध्याकाळी उठले असं सगळं घर सांगत होतं. पण घासलेल्या पायांवर पायजमा चढवला होता, म्हणजे घासणं मिरवणुकीच्या आधीचं. आणि जे दिसलंच नाही ते कोणी घासत नाही.

म्हणजे त्या घरात एक माणूस असा होता, ज्यानं ते डाग दुपारच्या आत पाहिले होते.

२

सानगडीच्या बाजाराला जाणारा रस्ता सोडून आत वळलं की तलावाच्या काठी टेकचंदचं गाव. धान लोंब्यांवर आलं होतं. मी सकाळच्या एस.टी.नं उतरले तेव्हा टेकचंद ओसरीवर बसून सुपारी कातरत होता.

"या, इहीनबाई," तो म्हणाला. "चौकशीले आल्या काय? वर्दी तं उतरली तुमची."

"वर्दी उतरली, डोये नाही उतरले, इवाई," मी माझ्या व्याह्याला म्हटलं.

टेकचंद गावच्या तान्ह्या पोळ्याच्या मंडळाचा अध्यक्ष. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं आपापले लाकडी बैल सजवून आणतात, सोंगं घेतात, बक्षिसं वाटली जातात. छकुलीचा बैल सगळ्यांत मोठा, चाकं लावलेला, तिच्या उंचीचा. सगळ्या बैलांच्या पुढे तोच असायचा, कारण तो अध्यक्षांच्या नातीचा.

त्याच दिवशी पहाटे मारबत निघते. रोगराई घेऊन जाय गे मारबत, असं ओरडत पोरं पुतळा गावाबाहेर नेऊन जाळतात. टेकचंदच्या घरासमोरूनही ती ओरडत गेली असतील. गावानं रोगराई वेशीबाहेर घालवली आणि दुपारी त्याच रोगराईला पायजमा घालून, लाकडी बैलावर बसवून वाजतगाजत फिरवली. मला हे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

"पोरगी ठनठनीत होती जी," टेकचंद म्हणाला. "पाहा ना फोटो."

त्यानं मोबाईल पुढे केला. छकुली बैलावर बसलेली. शेतकरणीचं सोंग, गुडघ्यापर्यंत नेसवलेलं हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. भोवतीची पोरं तोंड उघडून ओरडत होती. ही मान एका बाजूला टाकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. आणि लुगड्याखाली पांढरा चुडीदार पायजमा.

"हे ठनठनीत म्हनता तुमी?"

"लाजत होती."

"आन् लुगड्याखाली पायजमा? घामानं जीव जाते अशा दिवसांत?"

"ते बायांचं काम हाये. मले काय मालूम?"

मी विषय बदलला. बैल कोपऱ्यात गोणपाटावर ठेवला होता. पांढऱ्या अंगावर तांबूस जांभळे गोल ठिपके. मी जवळ जाऊन हात फिरवला. प्रवासानं हाताला घाम होता, बोटं रंगली.

"रंग कच्चा दिसते."

"गेरू हाये जी. थोडी नीळ घालून. पान्याचाच रंग," टेकचंद एकदम खुलला. या माणसाला नातीपेक्षा बैलाबद्दल जास्त बोलता येत होतं. "ऑइल पेंट मी कदी लावत नाही. दर सालाले धुवाचा, नवा लावाचा. मोठ्या पोळ्याच्या रात्री मी ठिपके मारले, माह्या बुडीनं गेरू वाटून देल्ला. पोरगी मांडीवर बसून बोटं बुचकळे, सारे हातपाय भरवून घेतले. सुनेनं गडवाभर पान्यानं धुतले, झाले साफ."

"जवाईबापू नव्हते?"

"तो सकाळी आला ना. पोळ्याच्या दिसीही त्याले सुट्टी नाही देल्ली ठेकेदारानं."

त्या वेळी मी मान हलवली आणि पाणी मागितलं. रंग पाण्याचा होता, ही साधी गोष्ट किती मोठी आहे, ते मला पाणी पिताना कळलं.

३

पाणी निर्मलाबाईनं आणलं. टेकचंदची बायको, खुशबूची सासू. घरात सगळे स्टीलच्या गिलासांतून पितात, पण मी पाहुणी म्हणून तिनं कपाटातला काचेचा ग्लास काढला. कपाटात फुलाफुलांचे आणखी चार ग्लास राहिले. एकूण पाच.

"पाचाचा सेट घेतला काय, इहीनबाई?"

"सा होते," ती म्हणाली. "एक सापडूनच नाही राहिला. फुटला असता तं काचा दिसल्या असत्या."

ती हे अगदी सहज बोलली. म्हणजे ग्लासाचं तिला काही माहीत नव्हतं. मग मी पायजम्याचं विचारलं आणि तिचा चेहरा बदलला.

"मच्छर चावत होते लेकराले."

"दुपारी?"

"हो. तलावाचं गाव हाये आमचं."

"पायजमा तुमीच घातला?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "कायले उकरून राहिल्या हे सारं? जे झालं ते झालं. पोरगी वाचली ना?"

पोरगी वाचली ना! माणसाच्या तोंडून असलं वाक्य निघतं तेव्हा त्याला काहीतरी झाकायचं असतं. छकुली कुठल्या खोलीत निजली होती ते विचारलं आणि तिच्या उत्तराची वाट न बघता आत गेले.

मधली खोली अंधारी होती. एक लोखंडी पलंग, वर गादी, कोनाड्यात देवाची तसबीर. पलंग भिंतीला अगदी चिकटून नव्हता. मी गुडघे टेकले, मोबाईलचा उजेड पाडला. पलंगाखाली, पार कोपऱ्यात, फुलाफुलांचा सहावा ग्लास आडवा पडला होता आणि त्याच्या शेजारी एक चुरगळलेलं फडकं.

फडक्याला आता फारसा वास उरला नव्हता, पण नाकाजवळ धरलं तेव्हा कळलं. थिनर.

ग्लास कोरडा होता. तळाला धूळ बसली होती. पाणी प्यायला काचेचा ग्लास या घरात कोणी घेत नाही, तापलेल्या पोरीला तर नाहीच. तिला चमचा नाहीतर स्टीलची वाटी. मग काचच का?

डॉक्टरीणबाईंचा हात मला डोळ्यांसमोर दिसला. काचेखाली नाहीशी झालेली ती लाल गांधी.

मी ग्लास आणि फडकं दोन्ही पिशवीत घातलं. ज्यानं फडक्यानं पाय घासले त्याच माणसानं काच दाबून पाहिली होती. डाग त्याच्या नजरेत नुसते पडले नव्हते, ते कसे ओळखायचे हेही त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

आणि सगळं समजूनही तो गप्प राहिला होता.

४

गावात ही असली माहिती सांगेल असा माणूस एकच. परसराम, टेकचंदच्याच घराच्या दर्शनी गाळ्यात त्याचं औषधाचं दुकान. मी गेले तेव्हा तो गल्ल्यामागे बसून पेपर वाचत होता. मी एक शब्द न बोलता पिशवीतून ग्लास काढला आणि काउंटरवर ठेवला.

त्यानं ग्लासाकडे पाहिलं. मग पेपराची घडी घातली. ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली.

"काय पायजे, बाई?"

"छकुली पडली त्या दिसी तुह्याकडं कोन आलं होतं?"

"पोळ्याची गर्दी जी. कोन कोन आलं, ध्यानात नाही."

"तापाचं औषध कोनं नेलं ते ध्यानात नाही. पोरीच्या आंगावर डाग उठले म्हून कोनं सांगतलं, तेही ध्यानात नाही. पन काच दाबून पाहा, हे तू सांगतलं. हो का नाही?"

परसराम उठला, दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि परत येऊन बसला. त्याचं कपाळ घामानं भरलं होतं.

"मी बराबर सांगतलं, बाई. माह्या भाच्याले नागपुरात झालं होतं हे. मी म्हनलो, काच दाब, डाग नाही गेले तं एक मिनिट थांबू नको, सिद्दा भंडाऱ्याले ने. लेकराची शपथ. मी बराबरच सांगतलं."

"आन् मंग?"

"मंग काय? परत येऊन तापाची बाटली नेली. मले वाटलं, डाग गेले असतील म्हून नेली."

"संध्याकाळी पोरीले ऑटोत घालून नेलं, साऱ्या गावानं पायलं. तवा तरी तुले कळलं ना, डाग गेले नव्हते म्हून? हे इतके दिवस एक बाई बदनाम होऊन राहिली. तू तोंड काहून नाही उघडलं?"

मी काउंटरवर हात आपटला. बाटल्या खणखणल्या.

"दुकान त्यायच्या जागेत हाये," तो अगदी हळू म्हणाला. "चार लेकरं हायेत मले. मी घरच्याच मानसाले सांगतलं होतं, एवढं समजा. नाव नका इचारू. आतापर्यंत मी कोनासमोर बोललो नाही, आन् हवालदारासमोरही बोलनार नाही."

शहाणपणाचं बोलणं आणि भेकडाचं वागणं. दोन्ही एकाच माणसात असतात, आणि असल्या माणसांमुळेच दुष्टांचं फावतं. मी ग्लास पिशवीत घातला.

"नको सांगू नाव," मी म्हटलं. "मले कळलं."

आणि खरंच कळलं होतं. एस.टी.त बसल्यावर मी ते पुन्हा एकदा तपासून पाहिलं. घरात चारच माणसं. त्यांतल्या तिघांनी ते फडकं हातात धरलेलं असणं शक्यच नव्हतं.

५

सुट्टीच्या दिवशी दवाखान्याच्या त्याच व्हरांड्यात सगळे जमले. टेकचंद नवं धोतर नेसून आला होता, नातीला घरी न्यायचं म्हणून. निर्मलाबाई त्याच्या मागे. भूपेंद्र खिडकीशी टेकून मोबाईल बघत होता. हवालदार तेजराम खुर्चीवर बसला होता. माझ्याच हाताखाली कधीकाळी शिकलेला, पण आज मी कोणीच नव्हते आणि ते त्याला बरोबर ठाऊक होतं. खुशबू बाकावर बसली होती. छकुली तिच्या मांडीवर, डावा पाय पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला.

"घासलं कोनं, तेवढंच सांगा," तेजराम म्हणाला.

"आंघोळ तिनं घातली, घासलंही तिनं," भूपेंद्र म्हणाला. "बैलाचा रंग लागला होता, तो काढाले घासलं. मंग डाग दिसले तं घाबरून गप्प बसली."

मी त्याच्याकडे पाहिलं. बिचाऱ्यानं आपल्याच तोंडानं अर्धं काम करून दिलं होतं.

"बरोबर," मी म्हटलं. "ज्यानं घासलं त्याले तो बैलाचा रंगच वाटला. नाही तं थिनर कोन घेते? आता इवाई, तुमीच सांगा. तुमाले रंग काढाचा असता तं थिनर घेतलं असतं?"

"थिनर कायले?" टेकचंद म्हणाला. "गेरू पान्यानं निंगते."

"इहीनबाई, तुमी?"

"मीच तं वाटला गेरू," निर्मलाबाई खाली बघत म्हणाली.

"आन् खुशबूनं आदल्या राती पोरीचे रंगलेले हातपाय गडवाभर पान्यानं धुतले. इवाईनंच सांगतलं मले. मंग सकाळी तिले थिनर कायले लागन? रंग पान्याचा हाये, हे घरातल्या तिघायले मालूम होतं. ज्याले मालूम नव्हतं, त्यानंच थिनर घेतलं." मी थांबले. "जवाईबापू, बैल रंगवला त्या राती तुमी कुठं होते?"

भूपेंद्रनं मोबाईल खिशात घातला.

"गोसीखुर्दच्या धरनावर," मीच सांगितलं. "मच्छीच्या ठेकेदाराकडं. नावा, डोंगे दुरुस्त करता, ऑइल पेंट मारता. हाताले रंग लागला का थिनर. गाडीच्या डिक्कीत बाटली असतेच. सकाळी घरी आले, पोरीच्या पायावर जांभळे ठिपके पायले, बैलावर तसेच ठिपके पायले."

"आत्या, हे सारं तुमच्या मनातलं हाये."

"पन पोरगी तापली होती, म्हून आधी परसरामकडं गेले. त्यानं काच दाबाले सांगतलं. हा घ्या तुमच्या कपाटातला ग्लास आन् हे फडकं. पलंगाखाली सापडले."

तेजरामनं दोन्ही वस्तू हातात घेतल्या आणि फडकं हुंगलं. टेकचंदनं मुलाकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्यानं पहिल्यांदाच मुलाकडे नीट पाहिलं असावं.

"बोल ना बे," तो म्हणाला.

भूपेंद्रचे खांदे खाली आले. "काच दाबली तं डाग गेले नाही," तो म्हणाला. "मले वाटलं, रंगच हाये मंग. दाबून रंग थोडी जाते? बिमारीचे असते तं गेले असते, असं वाटलं मले. उलटंच समजलो मी."

मला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू? जी खूण धाव म्हणून ओरडून सांगत होती, तीच त्यानं निर्धास्त राहण्याची खूण म्हणून वाचली. दिवसभर डोंग्यांना रंग मारणाऱ्या माणसाच्या हातून अशी चूक होऊ शकते. तो तिथंच थांबला असता तर मी हात जोडून तेजरामला म्हटलं असतं, सोड त्याला.

पण तो तिथं थांबला नव्हता.

६

"मंग थिनर लावलं," मी म्हटलं. "निंगाला रंग?"

"नाही."

"जोर लावला?"

"लावला."

"सालटी निंगाली, पोरगी कन्हत असन. तरी रंग निंगाला नाही. भूपेंद्र, इतके साल डोंगे रंगवले तू. थिनरनं न निंगनारा रंग कदी पायला काय?"

त्यानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. व्हरांड्यात कुठल्याशा पेशंटच्या नावाचा पुकारा झाला, कोणीतरी धावत गेलं.

"तवा तुले कळलं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि तो मी खाली आणणार नव्हते. "त्या घडीले कळलं तुले, हा रंग नाही. अंगनात गाडी उभी होती. दिवस डोक्यावर होता. पोरीची बोटं तवा पायाले होती! आन् तू काय केलं? पायजमा!"

"बाबाचा मान होता ना," तो पुटपुटला. "आमदाराचा मानूस येनार होता बक्षीस द्याले. आपला बैल पुढं. मले वाटलं, दोन घंट्याचा तं सवाल हाये, संध्याकाळी नेऊ. आन् मंग... मंग डॉक्टरनं इचारलं, कोनं घासलं. माह्या तोंडातून तिचं नाव निंगून गेलं."

"निंगून गेलं?" मी म्हटलं. "रोज निंगून राहिलं होतं ते! पायावरचे डाग झाकाले पायजमा घेतला, आन् पायजमा झाकाले बायको."

टेकचंद काहीतरी बोलायला गेला. "मले हे डागाचं मालूम नव्हतं, इहीनबाई. मले मालूम असतं तं..."

"तुमाले खुशबूनं सांगतलं होतं, पोरगी तापली, हात गार पडले. डाग नव्हते मालूम, पन लेकरू बिमार हाये हे मालूम होतं. तुमी म्हनले, मिरवनूक झाल्यावर."

तो भिंतीला टेकला. मागे निर्मलाबाई तोंडाला पदर लावून रडत होती. मग ती पुढे आली, तेजरामसमोर उभी राहिली.

"मी घातला पायजमा," ती म्हणाली. "यानं सांगतलं म्हून घातला. मी पायले होते डाग. पाय घासून लाल झाले होते, तेही पायलं. तो म्हने, माय, कोनाले सांगू नको, फुकट तमाशा होईन. पोरगा हाये माहा, म्हून नाही बोलली. लिहा तुमी, साहेब."

तेजराम लिहायला लागला. भूपेंद्र बायकोजवळ गेला. दोन पावलांवर उभा राहिला, आणखी जवळ जायची त्याची हिंमत झाली नाही.

"खुशबू, चूक झाली माही. चाल घरी. पोरीले घेऊन चाल."

खुशबू इतक्या दिवसांत कोणाशी भांडली नव्हती. आज मात्र तिनं छकुलीला खांद्यावर घेतलं, उठून उभी राहिली आणि नवऱ्याला नाही, सासऱ्याला नाही, थेट सासूला विचारलं.

"माय, तुमी डाग पायले, तवा मी कुठं होती?"

निर्मलाबाईनं पदरानं डोळे पुसले. खुशबूच पुढे बोलू लागली.

"मांगच्या आंगनात होती. तुमच्या पाव्हन्याच्या पोळ्या लाटून राहिली होती. मधात एक दार होतं, तेही उघडं. तुमी मले आवाज काहून नाही देल्ला?"

"माह्या ध्यानातच..."

"मीठ संपलं तं आवाज देता. पाव्हना आला तं आवाज देता. याच्या शर्टाचं बटन तुटलं तं दोघंही आवाज देता. माह्या लेकराचे पाय जांभळे पडले, तुमी दोघायनं मिळून पायजमा चढवला, आन् मले आवाज नाही देल्ला. मी डाक्टर नाही. मले काच नाही समजत, काही नाही समजत. पन मी थांबली नसती. मी पिठाच्या हातानं तिले उचलून पळाली असती."

डॉक्टरीणबाई दारात येऊन उभ्या होत्या, सुट्टीचा कागद हातात घेऊन, आणि त्यांनी तो कोणाला द्यायचा हे न विचारता खुशबूच्या हातात दिला. टेकचंदनं तो घेण्यासाठी हात पुढे केला नाही.

"ताई," तेजराम म्हणाला, "तुमच्या जबाबात आनखी काय लिहू? घासलं, पायजमा घातला, खोटं सांगतलं, हे सारं आलं."

"ते राहू द्या," खुशबू म्हणाली. "माह्या जबाबात एवढंच लिहा, का पोरीच्या मायले आवाज देल्ला नाही."

तेजरामनं पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. हे कुठल्या कलमात बसतं, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर होता.

"लिही," मी म्हटलं. "जसं बोलली तसंच लिही."